मदत हवी आहे: छोट्या जॅझ क्लबमधले फोटो, शटर गप्प केलं की पट्टे येतात

नमस्कार मंडळी,

जॅझच्या लहान बैठकांचे फोटो काढतो. तळघरातली किंवा कॅफेच्या मागची जागा, पन्नास-साठ खुर्च्या, मंच जेमतेम वीतभर उंच. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर सॅक्सोफोनच्या स्टँडला लागतील, इतकं सगळं जवळ. फ्लॅश वापरत नाही आणि वापरायचाही नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको.

अडचण शटरची आहे. मेकॅनिकल शटर लावलं तर ‘खट्’ ऐकू येतं. ड्रमर जोरात असेल तेव्हा कोणाचं लक्षही जात नाही, पण ब्रशने वाजवलेला संथ बॅलड असेल किंवा सगळे थांबून एकटा डबल बास बोलत असेल, तेव्हा खोलीत दोनच आवाज उरतात: बासची तार आणि मी. लोक वळून बघतात. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर मंचावरच्या एलईडीमुळे फोटोभर आडवे पट्टे. बारीक असते तर चालवून घेतले असते, पण गायिकेच्या कपाळावर एक, हनुवटीवर एक असे येतात. एडिटिंगमध्ये ते काढणं म्हणजे शिक्षा आहे.

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, साध्या सेन्सरचा. लेन्स ३५ आणि ८५, दोन्ही एफ १.८. आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/१६० ते १/३२०. नॉईजची तक्रार नाही, जॅझच्या फोटोला थोडे दाणे शोभतातच.

दुसरा, जरा लहान प्रश्न: निळा दिवा असला की चेहऱ्याची कातडी प्लास्टिकसारखी सपाट का होते? कॅमेऱ्याच्या मीटरप्रमाणे एक्सपोजर बरोबर असतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (एलईडीचा नको.)

प्रतिसाद १

पट्ट्यांमागचं गणित एकदा लक्षात आलं की निम्मं काम होतं. मंद केलेला एलईडी खरं तर मंद होत नसतो. तो सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा पूर्ण बंद-चालू होतो, आणि किती वेळ चालू ठेवायचा यावर डिमर उजेड ठरवतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला १/२० सेकंदाच्या आसपास लागू शकतात. दिवा सेकंदाला ५०० वेळा लुकलुकत असेल तर तेवढ्यात २५ वेळा लुकलुकला, म्हणजे २५ पट्टे.

आता याच दिव्याखाली शटर १/२५० ठेवा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला बरोबर दोन पूर्ण चक्रं येतात, सगळ्या ओळींना सारखा उजेड, पट्टा नाही. १/३२० केलं की दीडच्या जरा वर. काही ओळींना जास्त, काहींना कमी, आणि पट्टे हजर. म्हणजे वेगवान शटर वाईट आणि मंद चांगलं एवढंच नाही, आकडा जुळला पाहिजे. दिव्याचा आकडा आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून कार्यक्रमाआधी मंचामागच्या भिंतीवर १/१००, १/१२५, १/१६०, १/२०० असे फोटो काढून झूम करून बघायचे. सोनी आणि कॅननच्या काही नव्या बॉडींमध्ये शटर अगदी बारीक टप्प्यांनी बदलता येतं, ते याचसाठी. तुमच्यात नसेल तर १/६० वर या. तिथे आठच्या वर चक्रं येतात, वरचा अर्धामुर्धा तुकडा मग फारसा दिसत नाही.

मेकॅनिकल शटरमध्ये पडदा साधारण १/२५० सेकंदात खाली येतो, म्हणून पट्टे फार तर दोनेक, तेही पसरट. आणि ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ चालू करून पाहा. सुरुवातीचा पडदा हलत नाही, आवाज बराच कमी होतो.

धागाकर्ता

हे इतक्या नीट कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पण १/६० ला ड्रमरचे हात तर सोडाच, पियानोवाल्याची मानही पुसली जाते.

प्रतिसाद २

कारण तुम्ही सगळ्या वादकांना आणि सगळ्या वेळांना एकच सेटिंग शोधताय. मी वाजवतो (हौशी, ट्रंपेट), त्यामुळे मंचावरून दिसतं ते सांगतो.

बहुतेक चीजांचा आराखडा ठरलेला असतो. आधी सगळे मिळून मूळ धून, तिला आम्ही ‘हेड’ म्हणतो. मग एकेकाचे सोलो, शेवटी पुन्हा हेड. ब्लूज असेल तर १२ मात्रांचं नव्हे, १२ बारचं आवर्तन (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा), बाकी बरीच गाणी ३२ बारची. आवर्तन मोजता आलं की सोलो कुठे संपणार याचा अंदाज येतो, आणि टाळ्या तिथेच पडतात. तुमचं मेकॅनिकल शटर त्या टाळ्यांत चालवा. सोलो संपवणारा माणूस ओठ सोडून श्वास घेतो, शेजारचा त्याच्याकडे बघून हसतो. सोलोच्या मधल्या फोटोंपेक्षा हे फोटो मला नेहमी जास्त जिवंत वाटतात.

खुणाही ओळखा. कोणी डोक्यावर टपली मारली तर ‘हेडला परत’. चार बोटं दाखवली तर पुढे ‘फोर्स’: चार बार सोलोवाल्याचे, चार बार ड्रमरचे, आलटून पालटून. ड्रमरचे चार बार म्हणजे तुम्हाला मोकळं रान. १/५०० लावा, हवं तेवढं खटखट करा, ऐकू कोणाला येतंय!

बॅलडमध्ये उलट. गायिका लांब सूर धरते तेव्हा जवळजवळ हलत नाही, १/६० आणि इलेक्ट्रॉनिक शटर तिथे पुरतं. दोन्ही सेटिंग वेगवेगळ्या कस्टम मोडवर साठवून ठेवा, अंधारात मेनू शोधत बसू नका. बासच्या सोलोला मात्र कॅमेरा खाली ठेवून ऐका, ही आपली विनंती.

प्रतिसाद ३

निळ्याबद्दल: शुद्ध निळ्या एलईडीत लाल आणि हिरवं जवळपास नसतंच. मीटर तिन्हींचा मिळून हिशेब करतो, त्याला फोटो काळोखा वाटतो आणि तो एक्सपोजर वाढवतो. तोपर्यंत निळा चॅनल फुटलेला असतो. तपशील गेला, उरलं प्लास्टिक. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) न बघता तिन्ही रंगांचा वेगळा बघा, निळा उजव्या भिंतीला टेकला तर एखादा स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडावर) खाली या. रॉमध्येच काढा. ब्लॅक अँड व्हाइट केलं की रंग जातो, पण फुटलेला चॅनल भरून येत नाही. सरळ उपाय म्हणजे पांढरा किंवा पिवळसर दिवा येईपर्यंत थांबणे.

प्रतिसाद ४

वरचं सगळं पटलं. पण साउंड चेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) का जात नाही? जॅझचा प्रसिद्ध फोटोग्राफर हर्मन लेनर्ड क्लबमालकांना विचारून तालमींना फोटो काढायचा. त्याचा सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा १९४८ सालचा धुराचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, रॉयल रूस्ट क्लबमधला. तो मिळेल त्या उजेडातला वाटतो, प्रत्यक्षात लेनर्ड आपले छोटे फ्लॅश क्लबच्या स्पॉटलाइटजवळ लावायचा, म्हणून उजेड तिथलाच भासतो. (फ्लॅश नको म्हणालात, हे फक्त माहितीसाठी.) दुसऱ्या टोकाला फोटोग्राफर रॉय डीकरावा. मिळेल त्या उजेडात, सावल्या जवळजवळ काळ्या, हललेले हात तसेच ठेवलेले. ते बघितलं की १/६० ची भीती कमी होते.

साउंड चेकला प्रेक्षक नसतात, शटर वाजलं तरी चालतं, कुठल्या कोपऱ्यातून माइक तोंडावर येत नाही ते कळतं. शिवाय दिवे सांभाळणारा तिथेच असतो. त्याला म्हणा, समोरचा एक दिवा डिमरवर न ठेवता पूर्ण चालू ठेव, उजेड जास्त वाटला तर मागे सरकव. पूर्ण ताकदीवर बरेच एलईडी लुकलुकत नाहीत.

धागाकर्ता

दिवेवाल्याशी बोलायचं डोक्यातच आलं नव्हतं! पुढच्या कार्यक्रमाला भिंतीची चाचणी आणि दोन कस्टम मोड नक्की. आवर्तनं मोजायला मात्र वेळ लागेल, ३२ बारमध्ये मी विसाव्याला हरवतो.

प्रतिसाद २

ड्रमरही हरवतात, काळजी नसावी. आणि एक राहिलं: ऑटोफोकसचा मदतनीस दिवा बंद करा, मागचा स्क्रीनही. डोळ्यात थेट लाल उजेड आला की सूर जातो, शटरच्या आवाजाने एवढा जात नाही.