लिंक टू द पास्टचा हॅक पॅच केला, पण स्क्रीन काळीच. काय चुकतंय?

अर्धंहृदय:
मंडळी मदत हवीये. झेल्डा मालिकेतला सुपर निन्टेंडोवरचा जुना गेम, अ लिंक टू द पास्ट, माझा तीनदा पूर्ण झालाय, कुठल्या पेटीत काय आहे ते झोपेत सांगेन, म्हणून म्हटलं आता लोकांनी बनवलेले हॅक खेळून बघू, नवा नकाशा, नवे डंजन (कोडी आणि शत्रूंनी भरलेली भुयारं) वगैरे. एक नव्या गोष्टीचा हॅक उतरवला, डॉट आयपीएस फाइल होती, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणारा पॅच, पॅचरमध्ये माझा रॉम (कॅसेटमधल्या गेमची फाइल) दिला, पॅच दिला, पॅच यशस्वी झाला असा मेसेज पण आला, आणि गेम चालू केला तर नुसती काळी स्क्रीन. आवाज पण नाही. मूळ रॉम लावला की व्यवस्थित चालतो. दोन वेगवेगळ्या एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे प्रोग्राम) करून झालं, तेच. पॅच फाइलच खराब आहे का? आणि अजून एक, पहिल्यांदा हॅक खेळणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? एक जण म्हणाला याच गेमचा पॅरलल वर्ल्ड्स नावाचा हॅक खेळ, दुसरा म्हणाला चुकूनही नको.

जुनीकॅसेट:
आधी रॉमची साइज बघ. एमबीत नको, बाइटमध्ये पूर्ण आकडा. १०,४८,५७६ असेल तर हेडर नाहीये, १०,४९,०८८ असेल तर फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा हेडर चिकटलेला आहे. हा हेडर गेमचा भागच नाही, पूर्वी कॅसेटमधून रॉम काढायची जी कॉपियर मशिनं मिळायची ती स्वतःची माहिती पुढे लावून ठेवायची. एम्युलेटर तो गपचूप वगळतो म्हणून तुझा मूळ गेम चालतो. पण आयपीएस पॅच म्हणजे फक्त "अमुक जागेपासून हे बाइट लिही" अशी यादी असते, समोर कुठली फाइल आहे हे तो बघतच नाही. पॅच बिनहेडरच्या रॉमवर बनवलेला आणि तू दिलास हेडरवाला, की प्रत्येक बदल ५१२ घरं अलीकडे पडला. मेसेज यशस्वीचाच येणार, कारण लिहून झालं ना, मग ते कुठे लिहिलं याच्याशी त्याला काय घेणंदेणं.

पॅचसोबतच्या रीडमीमध्ये हेडर हवा की नको ते लिहिलेलं असतं (कोणीच वाचत नाही, मी पण वाचायचो नाही). आणि फाइलच्या नावाच्या शेपटीवर जाऊ नको, एसएमसी आहे म्हणजे हेडर असेलच असं काही नाही.

कोंबडीचोर:
+१, ९०% हेडरच असणार. ते नसेल तर व्हर्जन बघ. जपानी रॉमवर बनवलेला पॅच अमेरिकन रॉमला लावलास तरी हेच होतं. आणि जमेल तिथे बीपीएस पॅच घे, त्यात मूळ रॉमचा चेकसम (फाइल तीच आहे का ते ओळखायचा आकडा) असतो, चुकीचा रॉम दिला की तो तोंडावरच नाही म्हणतो. आयपीएसची अजून एक गंमत म्हणजे जागेचा पत्ता लिहायला त्यात तीनच बाइट आहेत, म्हणजे १६ एमबीच्या पुढे तो पोचतच नाही. निन्टेंडो ६४ वरच्या झेल्डाचा, ओकारिना ऑफ टाइमचा रॉम ३२ एमबीचा, त्यामुळे तिकडचे हॅक बीपीएस नाहीतर एक्सडेल्टा या दुसऱ्या पॅच प्रकारात येतात. तिकडे गेलास तर वेगळीच डोकेदुखी, एकच रॉम तीन प्रकारच्या बाइट ऑर्डरमध्ये फिरत असतो, झेड६४, व्ही६४, एन६४, आणि वर १.०, १.१, १.२ अशी व्हर्जनं.

पॅरलल वर्ल्ड्सबद्दल सांगायचं तर हॅक भारी आहे, डंजन बघून तोंडात बोट जातं, पण कठीण म्हणजे छळ कॅटेगरी. बिनधास्त खेळ पण सेव्ह स्टेट (हव्या त्या क्षणी खेळ साठवायची एम्युलेटरची सोय) हाताशी ठेव.

रात्रपाळी:
नको रे बाबा, नव्या माणसाला ते कशाला सांगता. जुन्या हॅकमध्ये ही खोडच होती, बनवणाऱ्याला मूळ गेम पाठ, त्याच्यासोबत टेस्ट करणाऱ्यांनाही पाठ, मग सोपं वाटतंय म्हणून अजून दोन शत्रू टाक, ती किल्ली अजून लपव, हृदयं कमी कर. शेवटी तो गेम त्या चार जणांपुरताच उरतो. मी अर्ध्यात सोडला आणि मला त्याची काही लाज वाटत नाही. खेळायचाच असेल तर त्याची पॅरलल रीमॉडेल नावाची सुधारलेली आवृत्ती आहे ती घे, तीही काही हलवा नाहीये पण माणसात आहे.

माझं मत विचारशील तर आधी रँडमायझर. तुला पेट्या पाठ आहेत ना, मग त्याचीच मजा आहे. नकाशा तोच, फक्त वस्तूंची अदलाबदल. गेमचा नायक लिंक, त्याच्या घरातल्या पेटीत दिव्याच्या जागी हुकशॉट (लांबून ओढून नेणारा आकडा) निघू शकतो आणि दिवा कुठेतरी डार्क वर्ल्डच्या, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या काळ्या जगाच्या टोकाला. पण आंधळेपणाने वाटत नाही, वस्तू ठेवताना प्रोग्राम हिशोब करतो की गेम शेवटपर्यंत पूर्ण होईल ना, म्हणजे हुकशॉटशिवाय जिथे जाताच येत नाही तिथेच हुकशॉट अडकून बसलाय असं होत नाही. खेळताना अर्धा वेळ हाच विचार, की आता माझ्याकडे अमुक आहे तर कुठली जागा उघडली. मात्र त्याला जपानी १.० रॉम लागतो, अमेरिकन चालत नाही.

जुनीकॅसेट:
रँडमायझर छान आहे पण त्याला नवीन डंजन हवेत, परत तेच हायरूल (गेममधलं राज्य) कशाला?

रात्रपाळी:
एकदा खेळून बघू दे, मग सांगेल तोच.

पानपुसणी:
विषय निघालाच आहे तर, पॅच आवडला की उतरवून दोन ठिकाणी ठेवून द्या. रॉम स्वतःच्या कॅसेटमधून काढा आणि फक्त पॅच शेअर करा, हा जुना नियम आहेच, कारण पॅचमध्ये फक्त फरक असतो. पण त्याने पूर्ण संरक्षण मिळतं असं नाही. क्रोनो ट्रिगर या गेमचा क्रिमसन एकोज नावाचा हॅक, कित्येक वर्षं खपून बनवलेला, २००९ मध्ये रिलीजच्या तोंडावर मूळ गेमवाल्या स्क्वेअर एनिक्स कंपनीची नोटीस आली आणि टीमने काम थांबवलं. मेट्रॉइड या गेमवर एका चाहत्याने बनवलेला एएमटूआर पण २०१६ मध्ये आल्या आल्या निन्टेंडोने काढायला लावला, अर्थात तो हॅक नव्हे, पहिल्यापासून स्वतंत्र बनवलेला गेम, पण दुखणं तेच.

अर्धंहृदय:
झालं!! १०,४९,०८८ होते. हेडर काढला, मूळ रॉमची नवी कॉपी घेऊन परत पॅच केला (आधी त्याच बिघडलेल्या फाइलवर परत करत होतो, शहाणपणा) आणि टायटल स्क्रीन आली. रीडमीमध्ये दुसऱ्याच ओळीत बिनहेडरचा रॉम वापरा असं लिहिलंय, काय बोलणार.

एक शेवटचं, माझी मूळ गेमची सेव्ह स्टेट यात लोड केली तर लिंक भिंतीत उभा आहे आणि नकाशा सगळा रंगीबेरंगी कचरा. हे पण हेडरचंच का?

जुनीकॅसेट:
नाही, ते तुझंच. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाची सगळी मेमरी, ती जुन्या नकाशाची, आणि खाली रॉम नवा, मग लिंक बिचारा भिंतीतच उभा राहणार. नवीन फाइल चालू कर आणि पहिल्यापासून खेळ.

कोंबडीचोर:
आणि कोंबड्यांना मारू नको, मूळ गेममध्ये मारत राहिलं की सगळा कळप अंगावर येतो, या हॅकमध्ये काय बदललंय कोणास ठाऊक.