फॉर्मवर 'वमन' लिहू की 'ओकारी'?

पऱ्हाटी: यवतमाळकडच्या एका कॉलेजात रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम बघते. पोरापोरींसाठी 'स्कॉफ' प्रश्नावली मराठीत हवी आहे, अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया असे खाण्याचे विकार असतील का, हे चाचपायची. 1999 ची, पाचच प्रश्नांची. आधी कुणीतरी केलेल्या भाषांतरात पहिला प्रश्न 'तुम्ही स्वतःला आजारी करता का?' असा आहे, आणि वजनाचा 'तीन महिन्यांत एक दगड कमी झाला का?' असा! दगडाचं निस्तरलं, 'स्टोन' हे इंग्रजी वजनाचं माप, साधारण साडेसहा किलो. पहिल्या प्रश्नातलं इंग्रजी 'सिक' म्हणजे आजारी नाही, तो मुद्दाम उलटी काढण्याबद्दलचा आहे. मी 'ओकारी काढता का' लिहिलं, तर सर म्हणतात असभ्य वाटते, 'वमन' करा.

काथ्याकूट: वमन नकोच. ते पंचकर्मातलं. पोरगी म्हणेल, मी कुठं वैद्याकडे गेली होती?

तत्सम: फॉर्मला प्रमाण शब्दच हवा. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे क्षुधानाश, बुलिमिया म्हणजे भस्मक. शब्द असून उसने कशाला आणायचे?

काथ्याकूट: कारण दोन्ही चुकतात. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव विल्यम गल यांनी 1873 मध्ये दिलं, आणि तेच फसवं आहे. भूक बहुतेकींना लागते, त्या ती दाबतात. भूक मरते आणि भूक मारते, फरक एका कान्याचा. भस्मकात खाल्लेलं जळून जातं म्हणून पुन्हा भूक. बुलिमियात हावऱ्यासारखं खाल्लं जातं, मग वजन वाढेल या धास्तीनं ते काढून टाकायची धडपड.

बोंडअळी: 'भूक मारणे'वरून सांगतो. आमच्या मेसवाल्या मावशीनं एका पोरीबद्दल म्हटलं होतं, "काई नाई झालं तिले, भूक मारून राह्यली." आम्ही समजलो बारीक व्हायचं असंन. नंतर कळलं, कापूस घरातच पडून होता, म्हणून पोरगी एकाच टायमाचे पैसे भरत होती. आता हे कोणत्या रकान्यात टाकता?

पऱ्हाटी: हेच तर भ्या वाटते, भाऊ. आणि दुसरीकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, वरून चतुर्थी. उपास म्हटला की कोणी काहून म्हणून विचारत नाही.

तत्सम: उपवासाला रोग ठरवू नका, ताई.

पऱ्हाटी: नाही ठरवत. दोन उत्तरं 'हो' आली तरी तो रोग ठरत नाही, फक्त पुढं बोलायचं. फॉर्मखाली टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 टाकतेच आहे.

बोंडअळी: मंग 'वकता का' लिवा ना सरळ. आमच्याइकडे लेकरू वकते, ओकत नाही.

तत्सम: वकणे हा ओकणेचा अपभ्रंश आहे.

बोंडअळी: अपभ्रंश तुमचा असंन, बाप्पा! माही आजी पुण्याले कधी गेली नाही, तिनं तो बिघडवला कुठून?

काथ्याकूट: गंमत म्हणजे बुलिमियाच्या मुळाशी ग्रीक बैल आहे. बैल अधिक भूक.

बोंडअळी: बैलाएवढी भूक का बैल खाऊन टाकीन एवढी भूक?

काथ्याकूट: दोन्ही अर्थ लावतात.

तत्सम: मग वृषक्षुधा म्हणा.

बोंडअळी: म्हना तुम्ही. पोळ्याच्या दिवशी येऊन म्हना.

पऱ्हाटी: सोमवारी झेरॉक्सला द्यायचं आहे हो. सध्या 'मुद्दाम उलटी काढता का' ठेवलंय.

तत्सम: 'काढता' की 'करता'? उलटी काढतात असं मी तरी ऐकलेलं नाही.