कावळ्याचं घरटं बघून पावसाचा अंदाज, हे ज्ञान की योगायोग?

कोरडवाहू:
आमचे आजोबा वैशाखात कावळ्याने घरटं कुठं बांधलंय ते बघून ठेवायचे. आंब्यावर नाहीतर करंजावर असलं की पाऊसपाणी चांगलं, बाभळीवर असलं की वर्ष कोरडं. कुणी बसवून शिकवलं नव्हतं, वडिलांच्या मागं रानात फिरताना बघून बघून आलेलं. आता घरातली पोरं हसतात आणि मला खरंच वाईट वाटतं. चाळीस-पन्नास वर्षं रोज आभाळाकडं बघणाऱ्या माणसाला जे कळतं ते फालतू कसं असेल?

आकडेमोड:
आजोबांबद्दल आदर आहे पण पटत नाही. नसलेला पॅटर्नसुद्धा आपल्याला दिसतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग छापला, कबुतर काहीही करो ठराविक वेळाने दाणे आपोआप समोर यायचे, तरी ८ पैकी ६ कबुतरांना सवयी लागल्या, कुणी गोल फिरतंय, कुणी मान हलवतंय, कारण दाणे आले तेव्हा योगायोगाने तेच चाललं होतं. आपलं तसंच. बाभळीवर घरटं आणि दुष्काळ पडला की गावभर लक्षात राहतं. बाभळीवर घरटं होतं आणि धो धो पडला, असं साल कुणी सांगितलंय का कधी?

कोरडवाहू:
कबुतराला दाणे फुकट होते हो. इथं पेरणी वाया गेली तर बियाणं, खत, मजुरी सगळं मातीत. खोट्या ठोकताळ्यावर चार पिढ्या कोण चालेल?

आकडेमोड:
पण पेरणी घरटं बघून होते का? आजोबा जमीन उकरून ओल किती खोल गेलीय ते बघूनच चाड्यावर मूठ धरत असणार. म्हणजे घरट्याचा अंदाज चुकला तरी नुकसान काहीच नाही, म्हणून तर तो टिकला.

बांधावरची:
दोघंही सगळं एकाच मापाने मोजताय. माझी आई मिठाला पाणी सुटलं की वाळवण आत घ्यायची आणि बऱ्याचदा बरोबर ठरायची, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. चंद्राला खळं पडतं तेही उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे, त्यामागून कधीकधी पाऊस येतो. हे एक-दोन दिवसांचं असतं, चूक लगेच कळते आणि नजर सुधारते. घरट्याचं भाकीत अख्ख्या हंगामाचं, वर्षातून एकदाच तपासायला मिळतं, मग पन्नास वर्षं बघितलं तरी पन्नासच वेळा झालं ना. आणि झाडांचं काय? आमच्या शिवारात आंबे तोडले, बांधाला उरल्या बाभळी. आता कावळा दरवर्षी बाभळीवरच दिसणार, नाहीतर टॉवरवर.

कोरडवाहू:
ताई, झाडांचं खरंय. आजोबांच्या काळी ओढ्याकाठी आमराई होती, आता दोन झाडं उरलीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी बघणं सोडा असं मी पोरांना सांगणार नाही. येत्या वैशाखापासून वहीत लिहून ठेवायला लावतो, घरटं कुठं आणि पाऊस किती मिलिमीटर.

आकडेमोड:
हे आवडलं. फक्त शिवारात आंबे किती, बाभळी किती तेही दरवर्षी मोजून लिहा. आणि अंदाज चुकेल ते साल खोडू नका.