ठाम मत आणि हटवादीपणा यांतील फरक ओळखायचा कसा?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

आमची शेती शिरोळ तालुक्यात आहे. सरी तुडुंब भरल्याशिवाय ऊस पोसत नाही, हे थोरल्या चुलत्यांचे पक्के मत. खालच्या अंगाच्या पट्ट्यावर उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागला, उगवण विरळ झाली, शेजाऱ्यांनी ठिबक बसवले, तरी त्यांचे उत्तर एकच असते : ‘आम्ही पाण्यावरच ऊस पिकवलाय.’ मी त्यांना आजवर हटवादी म्हणत आलो. परंतु पाइपला चुंबक बसवून पाण्यातील क्षार मारणारे एक यंत्र घ्यावे, असा आग्रह अलीकडे एका मित्राने धरला आणि मी ते पाहण्यासही नकार दिला, तेव्हा त्याने विचारले, ‘मग तुझ्यात आणि तुझ्या काकांत फरक काय?’ प्रश्न खोचक असला तरी टाळण्याजोगा वाटत नाही. मतावर ठाम राहणे कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो?

प्रतिसाद १

मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली या विषयावर सविस्तर लिहिले. हटवादीपणा माणूस काय मानतो यावरून नव्हे, तर तो ते कसे मानतो यावरून ओळखावा, हा त्याच्या मांडणीचा गाभा आहे. त्यामुळे पुरोगामी मताचा माणूसही पुरेपूर हटवादी असू शकतो. आपल्याकडच्या कट्ट्यांवर त्याची वानवा नाही.

मात्र नकार दिला म्हणजे मन बंद, असे समीकरण मांडू नये. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडले, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते नाकारले. त्या नकारात अहंकार होताच, पण एक रास्त आक्षेपही होता : एवढे प्रचंड खंड हलवील असे बळ वेगेनरला दाखवता आले नव्हते, आणि त्याने सुचवलेली बळे फारच अपुरी होती. पुढे १९६० च्या दशकात सागरतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा पुरावा पुढे आला आणि बहुतेकांनी मत बदलले. पुरावा अपुरा असताना नाकारणारे आणि तो समोर आल्यावरही नाकारणारे, या दोघांना एकाच दावणीला बांधणे अन्यायाचे आहे. आपण मित्राला ‘नाही’ म्हणालात यात गैर काही नाही. ‘काय दाखवलेस तर मी मानेन’ हे सांगितले नाही, एवढीच उणीव राहिली.

प्रतिसाद २ (शेतकरी, हातकणंगले)

चुलत्यांची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. नव्याने पाणी आलेल्या भारी काळ्या जमिनीत सुरुवातीची वर्षे भरपूर पाण्यावर ऊस खरोखरच जोमदार येतो. निचरा नसेल तर भूजलाची पातळी हळूहळू वर येते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हे व्हायला वर्षे लागतात. म्हणजे त्यांचे मत अनुभवातूनच आले आहे, फक्त तो अनुभव जुन्या जमिनीचा आहे. ‘तुम्ही चुकलात’ असे म्हणण्यापेक्षा ‘खालच्या पट्ट्याचा उतारा कोणत्या सालापासून घटला?’ असे विचारून पाहा. हिशेबाच्या वह्या त्यांच्याकडेच असतील.

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षिका, शुक्रवार पेठ)

पहिल्या प्रतिसादातील कसोटी शेतीला आणि विज्ञानाला लागू पडते, सगळीकडे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि विरोध होऊनही तो मागे घेतला नाही. ‘कोणता पुरावा दिला तर माणसांची समानता सोडाल?’ हा प्रश्न तेथे विचारताच येत नाही. मूल्यांच्या बाबतीत कसोटी वेगळी लावावी लागते : विरोधकाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आपल्याला मांडता येते का? आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मांडून मगच खंडन करण्याची शिस्त होती, आणि जैनांचा अनेकान्तवादही एका दृष्टिकोनातून वस्तूचे पूर्ण रूप कळत नाही असेच सांगतो. मात्र सगळ्यांचेच थोडेथोडे खरे म्हणून मोकळे होण्याची सोय तो देत नाही. आजकाल मोकळ्या मनाच्या नावाखाली जो गुळमुळीतपणा चालतो, त्याला माझा सक्त विरोध आहे. आता याला कोणी हटवाद म्हणाले तरी चालेल.

प्रश्नकर्ता

चुलत्यांशी बोललो. त्यांनी वही काढली, पण दोष पाण्याला न देता बेण्याला दिला. तरीही १० गुंठ्यांवर ठिबक आणि शेजारच्या १० गुंठ्यांवर पाटपाणी, बेणे आणि खत एकच, यास ते राजी झाले. मित्रालाही तसेच दोन पट्टे सुचवले आहेत. त्याने अद्याप होकार दिलेला नाही. मातीचे नमुने दोन्ही पट्ट्यांचे एकत्र घ्यावेत का?

प्रतिसाद २ (शेतकरी, हातकणंगले)

वेगवेगळेच घ्या, आणि लागणीपूर्वीच घ्या. वरच्या थराचा एक, खालच्या थराचा एक. सामू (पीएच) आणि क्षारता दोन्ही तपासून घ्या, कारण जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, निघाली तर जिप्समचा विचार करावा लागेल आणि नुसती क्षारयुक्त असेल तर निचऱ्याचा. किती फरक पडला म्हणजे कोणाचे खरे मानायचे, हे मात्र आत्ताच त्याच वहीत चुलत्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. तोडणीनंतर दोघांनाही ते वेगवेगळे आठवेल.