मदत हवी आहे: जेवणाच्या टेबलाखालचं कार्पेट कसं वाचवू? (मुलं ३ वर्षं आणि १४ महिने)

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाकघरात टेबल मावत नाही, म्हणून ते हॉलमध्ये आहे आणि हॉलभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिकट बदामी कार्पेट. सतरंजीसारखं उचलून झटकावं, उन्हात टाकावं, तर ते कडेनं पक्कं बसवलेलं. टेबल १२० बाय ७५ सेंटिमीटरचं, त्याला चार खुर्च्या. धाकट्याची उंच खुर्ची वेगळी.

दोघंही आपापल्या हातानं जेवतात आणि मला ते तसंच हवं आहे. रोज काहीतरी सांडतंच. भात, वरण, दही, दूध. भाताची शितं ओली असताना पुसायला गेलं की आणखी आत चिणली जातात. दुधाचा तर डाग दिसत नाही, पण दोन दिवसांनी आंबूस वास येतो.

गेल्या आठवड्यात वरणाची अख्खी वाटी पालथी झाली. घाईघाईत मी त्यावर खायचा सोडा ओला करून चोळला, तर पिवळा डाग बघता बघता लाल झाला! आता तळहाताएवढा तांबूस डाग आहे.

जुनी चादर घालून पाहिली. ओलं आरपार जातं आणि खुर्ची ओढली की चादर गोळा होते. मुलांसाठी मिळते ती मीटरभराची मॅट उंच खुर्चीपुरती बरी, पण पेला नेमका तिच्या बाहेर पडतो.

डिपॉझिटची काळजी आहेच. पण मुलीचं बघवत नाही. हल्ली पाणी जरी सांडलं तरी ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि "आई, कार्पेट!" म्हणून रडायला लागते. मी दोन-तीनदा ओरडले आहे, त्याचा हा परिणाम. तिनं जेवताना घाबरू नये एवढंच मला हवं आहे. खाली असं काय घालू जे सरकणार नाही, पुसता येईल आणि घर सोडताना खूण ठेवणार नाही? आणि त्या लाल डागाचं काय करू?

प्रतिसाद १

डागाचं आधी सांगते. घाबरू नका, ती हळदच आहे. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर करायचे. सोडा क्षारच. आता एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग गार पाणी घेऊन पांढऱ्या फडक्यानं टिपा. आधी सोफ्याच्या मागे कुठे तरी कोपऱ्यात थोडं लावून बघा. डाग परत पिवळा होईल. मग साध्या पाण्यानं टिपून कोरडा करा आणि दिवसभर पडदा उघडा ठेवा. हळदीचा रंग उजेडात विटतो. आपण हळदीचे कपडे उन्हात घालतो ना, तसंच. ब्लीच मात्र अजिबात नको, कार्पेटचाच रंग जाईल.

दुधाला गरम पाणी लावू नका, त्यातली प्रथिनं धाग्याला धरून बसतात. आधी कोरड्या फडक्यानं दाबून जेवढं निघेल तेवढं काढा, कडेकडून मधे या. वास येतो तो बहुधा अंडरलेपर्यंत (कार्पेटखालच्या मऊ थरापर्यंत) झिरपलेल्या दुधाचा, म्हणून वरून भसाभस पाणी ओतू नका. एन्झाइमवालं क्लीनर चालतं, पण कार्पेट लोकरीचं असेल तर नको. लोकरही प्रथिनच आहे.

भात तसाच वाळू द्या. सकाळी व्हॅक्यूम करा, खडखडीत निघतो.

प्रतिसाद २

मॅट विकत घेऊ नका. फ्लोअरिंगच्या दुकानात विनाइलच्या (जमिनीवर अंथरायच्या जाड प्लास्टिकच्या) रोलचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. रोल २, ३, ४ मीटर रुंदीचे असतात. माप घेताना टेबल मोजून भागत नाही. माणूस खुर्ची मागे ओढतो तेव्हाही मागचे पाय विनाइलवरच राहायला हवेत, म्हणून चारही बाजूंनी ६० सेंटिमीटर धरा. तुमचं २४० बाय १९५ होतं. म्हणजे २ मीटर रुंदीच्या रोलचा अडीच मीटर तुकडा घ्या, काम झालं.

कार्पेट मऊ असल्यामुळे खुर्चीच्या पायाखाली विनाइल दबतं आणि कालांतराने फाटतं. आम्ही खाली ३ मिलिमीटरचे हार्डबोर्ड टाकले होते. १२२ बाय ६१ सेंटिमीटरचे मिळतात, गाडीत मावतात. खुर्च्यांना फेल्टच्या टोप्या घाला.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. खाली रबराची पाठ असलेलं काही घालू नका, रबरामुळे कार्पेटवर कायमचे डाग पडू शकतात. कडा कार्पेटला चिकटपट्टीनंही चिकटवू नका, गोंद राहतो.

प्रतिसाद ३

मी पुण्याहून लिहितेय, आमच्याकडे कार्पेट नाही. पण नातवंडं आली की मी मेणकापड अंथरते, त्यावर पाट मांडते आणि सगळ्यांना खालीच बसवते. फूटभर उंचीवरून पडलेल्या वाटीचे शिंतोडे टेबलावरून पडलेल्या वाटीसारखे उडत नाहीत. दुपारचं जेवण स्वयंपाकघरात जमिनीवर देऊन बघा ना. अरुंद असलं तरी दोन पाट मावतील. आणि मुलीला एक फडकं तिचं स्वतःचं म्हणून द्या. सांडलं की तिनंच टिपायचं. काय करायचं ते हाताला माहीत असलं की मूल कमी घाबरतं, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ४

डिपॉझिटबद्दल. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून नव्या करारांना डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढंच घेता येतं (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर) आणि ते सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. रोजच्या वापरानं होणारी झीज घरमालकाला तुमच्याकडून वसूल करता येत नाही. डाग हे नुकसान धरतात, पण तेव्हाही कार्पेट किती जुनं आहे ते बघावं लागतं. दहा वर्षं वापरलेल्याच्या बदल्यात तुमच्या पैशानं कोरं कार्पेट येत नाही. घर घेताना केलेली यादी आणि फोटो आज शोधून ठेवा. पटलं नाही तर योजनेकडे वाद मोफत नेता येतो.

विनाइल घातलंत तर आठवड्यातून एकदा उचलून खाली हवा लागू द्या. ओल अडकली तर बुरशी धरते.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिनेगरनं डाग खरंच माझ्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. आता खिडकीच्या उजेडात इतका फिकटला आहे की मला जागा माहीत आहे म्हणूनच दिसतो.

विनाइलचा २ बाय अडीच मीटरचा तुकडा आणला. रोल करून आणल्यामुळे कडा वर येत होत्या आणि धाकटा त्यात अडखळत होता, म्हणून दोन दिवस हीटरजवळ उलटा पसरून, कडांवर पुस्तकं ठेवून सपाट केला. खाली हार्डबोर्ड टाकले. दर रविवारी उचलते, अजून खाली कोरडं आहे.

पुण्याच्या काकू, दुपारचं जेवण आता स्वयंपाकघरात खालीच होतं. पाट नाहीत, उशा घेतल्या आहेत. मुलीला पिवळं फडकं दिलं. परवा ताक सांडलं तेव्हा ती रडली नाही. माझ्याकडे न बघता फडकं आणायला उठली, टिपलं, आणि भावाला म्हणाली, "दाबायचं, घासायचं नाही."

एक राहिलं. उंच खुर्चीच्या चाकांच्या खुणा विनाइलवर उमटत आहेत. चाकांखाली ठेवायला कुणी काही वापरलं आहे का?