ट्रिपल आणि गोल्डन स्ट्राँग: फरक यीस्टमध्ये आहे

ट्रिपल आणि गोल्डन स्ट्राँग या बेल्जियमच्या दोन बिअर-प्रकारांबद्दल या चर्चेत वर एक प्रतिसाद आहे: "दोन्ही सोनेरी, दोन्ही कडक, मग नावं वेगळी कशाला". हा मुद्दा दिसण्यापुरता मान्य. दोन्हींत फिकट पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि जोडीला साखर असते, म्हणून इतकी कडक बिअरही जिभेला जड लागत नाही. पण चव बरीचशी यीस्ट ठरवतं आणि त्याबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. गोल्डन स्ट्राँगचा नमुना म्हणजे डुवेल ही बिअर, आणि तिचं यीस्ट मुळात स्कॉटलंडचं. डुवेल बनवणाऱ्या मोर्टगाट कुटुंबाने ते पहिल्या महायुद्धानंतर तिथून आणलं. डुवेल तेव्हा गडद रंगाची होती, आज आपण ओळखतो ती सोनेरी डुवेल १९७० ची. बेल्जियममधल्या वेस्टमालेच्या मठातली ट्रिपल मात्र १९३४ पासूनची, आणि यीस्ट मठाचं स्वतःचं.

अँटवर्पला एकदा दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो. डुवेलचा फेस ग्लासच्या वर टोपीसारखा उभा राहिला आणि तळाच्या कोरीव खुणेवरून बुडबुड्यांची माळ शेवटपर्यंत चढत होती. वास पिकलेल्या नाशपातीचा, शेवट एकदम कोरडा. ट्रिपलमध्ये पिकलं केळं, मिरीसारखा झणका आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा, घोटही भरीव. दहा मिनिटं थांबून ट्रिपल थोडी कोमट होऊ दिली तेव्हा हा फरक फारच उठून आला. फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर दोन्ही सारख्याच वाटतील, आणि मला वाटतं वरच्या प्रतिसादात नेमकं तेच झालंय.