सव्वासात लाखांत २०१८ ची सिटी की २०१६ ची एक्सयूव्ही?

पोहे_जिरावण

नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. घरात पाच जण: आई (वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात), मी, बायको, दोन पोरं. जुनी अल्टो भाच्याला दिली. आता सेकंडहँडच घ्यायची, नावावर करण्याचा खर्च धरून सव्वासात लाखांच्या आत. चार दिवस देवास नाक्याकडे फिरलो आणि दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एक होंडा सिटी, २०१८ ची, पेट्रोल मॅन्युअल, पहिला मालक, ४८ हजार किलोमीटर. दुसरी महिंद्रा एक्सयूव्ही ५००, २०१६ ची, डिझेल, दुसरा मालक, ७१ हजार. एक्सयूव्ही चाळीस हजारांनी स्वस्तच आहे.

रोजचं म्हणजे पोरांची शाळा आणि माझं पलासियातलं ऑफिस, महिन्याला सातशे किलोमीटर. वर्षातून दोन खेपा पुण्याला. त्यातली एक महालक्ष्म्यांना, काकांकडे. तेव्हा इथून शेव, गजक आणि आईचे डबे जातात, आणि येताना त्याच डब्यांत काकूचं काहीतरी भरून येतं.

बायको सिटी म्हणते. पोरं एक्सयूव्ही म्हणतात, सात सीट आहेत म्हणून. मेहुण्याचं मत, "भिया, एवढ्या पैशात एवढं लोखंड कोण देतं?" खरं सांगायचं तर मलाही तीच हवीय. फक्त दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद होतात म्हणे, ते काय प्रकरण?

शेव_परमल

एक्सयूव्ही घ्या. पुण्याहून येताना नर्मदा ओलांडली की धामनोद ते मानपूर चढ लागतो. पाच माणसं, भरलेली डिक्की, वर एसी. सिटीचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, १४५ न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४,६०० फेऱ्यांवर नेल्यावर. ट्रकच्या मागे अडकलात की तिसरा टाका, मग दुसरा टाका, आणि इंजिनची बोंब ऐकत बसा. एक्सयूव्हीला ३३० आहे, तो सोळाशे फेऱ्यांपासूनच मिळतो. शिवाय खाली २०० मिलिमीटर जागा. सिटीला १६५. आपल्या कॉलन्यांतले स्पीडब्रेकर कोण बांधतं ते देव जाणे, भरलेली सिटी त्यावर पोट घासणारच.

नर्मदापार

दहा वर्षांची भानगड दिल्ली-एनसीआरची, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागाची आहे, २०१५ च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशापासूनची. आपल्याकडे आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवता येते. पण आरसीचा प्रवास मात्र बघा. तिकडच्या वय झालेल्या डिझेल गाड्या एनओसी (ना-हरकत दाखला) काढून इकडे येतात आणि धुऊनपुसून उभ्या राहतात.

आता डिझेल स्वस्त पडेल म्हणून घेत असाल तर हिशोब करा. महिन्याला सातशे आणि पुण्याच्या दोन खेपा म्हणजे वर्षाला पावणेअकरा-अकरा हजार किलोमीटर. सिटी सरासरी १४ देईल, ७७० लिटर. एक्सयूव्ही १२ देईल, ९०० लिटर. पेट्रोल १०६ आणि डिझेल ९२ धरलं तर दोन्हीकडे ८२ हजारांच्या आसपास! मग थर्ड पार्टी इन्शुरन्स: १००० ते १५०० सीसीला, म्हणजे सिटीला, ३,४१६ रुपये, त्याच्यावर, म्हणजे एक्सयूव्हीला, ७,८९७. टायरचं तर विचारूच नका, २३५/६५ आर १७ चा भाव एकदा दुकानात जाऊन ऐका.

सात सीटचंही तसंच. मागची रांग उभी केली की डिक्की उरते ९३ लिटर, त्यात आईचे डबे गेले की संपलं. सिटीची डिक्की ५१० लिटर, पाच जण बसूनही अख्खी.

मी स्वतः २०२१ साली एक जुनी डिझेल एसयूव्ही घेतली होती. कुठली, ते नको, गाडीचा दोष नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता. मीटरवर ६२ हजार. स्टिअरिंगला नवं कव्हर, सीटला नवं कव्हर, मी खूश. आठ महिन्यांनी सेंधव्याच्या अलीकडे क्लच गेला. फ्लायव्हीलसकट ४४ हजार, आणि टोचन वेगळं. मेकॅनिकनं बॉनेटखाली एअर फिल्टरच्या डब्यावर तेलकट झालेला कागद दाखवला. ऑइल बदलल्याचा. पुढची सर्व्हिस १,१८,००० ला, असं बॉलपेननं लिहिलेलं. मीटर मागे फिरवणाऱ्यानं कव्हरं घातली, तो कागद काढायला विसरला.

तेव्हा ७१ हजारांवर लगेच विश्वास नको. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, रेघा पार गुळगुळीत झाल्या असतील तर ते ७१ नव्हेत. नवंकोरं असेल तर आणखीच संशय घ्या. गाडी सकाळी थंड असतानाच चालू करायला लावा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, भसाभस धूर आला तर नमस्कार करून घरी या. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नंबरावरून जुनी नोंद काढून मागा.

सुदामानगरची_सून

आईंना गाडी दाखवलीत का? "गुडघे दुखतात म्हणून उंच गाडी" हे गणित आमच्या घरी फसलंय. माझ्या सासूबाई नऊवारी नेसत नाहीत, पाचवारीच, तरी दिराच्या मोठ्या गाडीत चढताना एक पाय वर टाकला की सगळं वजन त्या एका गुडघ्यावर येतं. निऱ्या एका हातात, दुसरा हात वरच्या हँडलला, आणि मागून आम्ही दोघी. खालच्या गाडीत बसणं सोपं, उठताना त्रास. त्यावर फिजिओनं युक्ती शिकवली: आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलटं. आम्ही सीटवर एक घट्ट उशी ठेवतो, तेवढ्यानं भागतं.

आणि फाटक मोजा. राजेंद्र नगरातली जुनी घरं मला माहीत आहेत, माहेर तिथलं.

पोहे_जिरावण

काल संध्याकाळी आईला घेऊन गेलो. एक्सयूव्हीत चढली, पण दोनदा थांबून. वर बसल्यावर म्हणाली, "इथून सगळं छान दिसतं." मग बराच वेळ उतरायचं नावच घेईना. शेवटी मी आणि तिथला पोरगा, दोघांनी धरून उतरवली. सिटीत पाठमोरी बसली आणि पाय फिरवले, उठताना माझा हात लागला.

पेडलचं रबर नवंकोरं होतं. सर्व्हिसची नोंद मागितली तर "सोमवारी देतो".

फाटक मोजलं, बरोब्बर सात फूट. एक्सयूव्ही १,८९० मिलिमीटर रुंद, म्हणजे आरसे मिटूनही दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच नाहीत. सिटी जवळपास आठ इंचांनी कमी. फाटकाच्या खांबाला बाबांनी १९८८ मध्ये लावलेली जाई टेकलेली आहे, ती काढायचा विषय निघाला तेव्हा बायको नुसती हसली.

उद्या सकाळी सात वाजता सिटी थंड असताना बघायला जातोय. पोरांना अजून सांगितलेलं नाही.